फल्ली

वीस वर्षं झाली, मी इंग्रजी बोलतो.
चेक. चेक. वन, टू.
थ्रीपर्यंत कधी गेलो नाई,
तेवढ्यात साउंड कळते.

औंदा वरुडच्या रस्त्यावर, टेकाडाच्या लॉनवर
संत्र्याची परिषद भरली.
परदेशचे खरेदीदार, गळ्यात पट्टी, पट्टीले नाव.
आन् आमच्या गावचे अठरा पोट्टे-पोट्ट्या
काळ्या पॅन्टीत, उसन्या बुटात,
आदल्या रात्री अर्धा घंटा ट्रेनिंग घेतलेले.

ट्रेनिंग म्हणजे इव्हेंटवाल्या साहेबानं
अमरावतीहून आणलेला एक कागद.
गुड मॉर्निंग सर. वेलकम सर. धिस वे सर.
एन्जॉय सर.
बाई आली तं काय म्हणाचं, ते कागदावर नव्हतं.
'नो' कुठंच नव्हतं.
'मले समजलं नाई, पुन्यांदा सांगा'
हे तं कोणी लिहालंच नाई.
म्हणून सारे हसत होते,
समजलं तरी, नाई समजलं तरी.

मले कॉलरचा माइक लावा लागे.
आपल्या मानसाले म्हणतो,
भाऊ, जरा शर्टाले हात लावतो.
आता ह्या गोऱ्या बाईले काय म्हणू?
क्लिप धरून उभा राह्यलो,
पोरीच्या सासरी दारात उभा राह्यतो बाप, तसा.
तिनंच घेतली, तिनंच लावली.
उलटी लावली.
अर्धा घंटा साऱ्या मंडपानं
तिच्या स्कार्फची खसखस ऐकली.
फेडर माह्या हातात होता,
शब्द नव्हता.

दुपारी जेवणात पाटवडी-रस्सा.
भांड्यामागं मोनाली खेरडे, बारावी कॉमर्स.
एक उंच मानूस आला,
रश्श्याकडं बोट दाखवून म्हणे, पीनट्स?
मोनालीले 'पी' ऐकू आलं.
तिनं पाणी दिलं.
त्यानं मान हलवली. पीनट्स?
सोताचा गळा दाबून दाखवला, डोळे मोठे केले.
तिनं दुसरा गिलास दिला
आन् कागदावरचं म्हणाली,
एन्जॉय सर.

त्यानं चमचा उचलला.

मी साउंडवाला. मानूस काय म्हणते ते कळत नाई,
आवाजात काय हाय ते कळते.
त्या आवाजात तहान नव्हती.
शेवंताबाईच्या मसाल्यात कूट हाय,
फोडणी फल्लीच्या तेलाची, हे मले माहीत.
पण फल्लीले काय म्हणते हे लोक?
माह्या तोंडात नुसतं
चेक, चेक.

मोनालीले काय उमगलं कोण जाणे.
पळाली चुलीकडं, पोत्यात हात घातला,
त्याच्यासमोर येऊन शेंग फोडली.
कट.
दाणा तळहातावर, बोट भांड्याकडं.
आन् मंग बापाच्या बियाण्याच्या थैलीवर
लहानपणापासून वाचलेलं,
कोणत्याच मास्तरनं न शिकवलेलं ते म्हणाली,
ग्राउंडनट! सर्टिफाइड सीड!

चमचा खाली गेला. हळूच.
तो म्हणे, थँक्यू. दोनदा म्हणे.
ती म्हणाली, वेलकम सर.
सकाळपासून शंभरदा म्हटलं असन,
या बारीले जागेवर बसलं.

साहेबानं पन्नास रुपये कापले,
टेबल काऊन सोडलं म्हणून.

रात्री मी वायरी गुंडाळत होतो.
मोनाली तोच कागद उलटा करून लिहीत होती.
याच्यात फल्ली हाय.
हे तिखट हाय.
थांबा, इचारून येतो.
मराठी इकडे, पलीकडे कोरी जागा,
कॉलेजच्या मॅडमले इचारून भरीन म्हणे.
काका, तुमाले कोणतं पाह्यजे?

मी म्हटलं, लिही,
'हात लावू का?'
ती हसली. मंग हसणं थांबवून लिहिलं.

शेवंताबाईनं उरलेल्या शेंगा
पेपरवर ओतल्या.
आमी फोडत बसलो, खात बसलो.
आमाले काई होत नाई त्यानं.